चुकून वर गेलेला हात

ब्रॅकनशॉ
सोमवार, २७ मार्च २०२३

प्रिय एड्रियन,

दर नाताळाला तू पत्ता तेवढा लिहून कार्ड पाठवतोस, आणि मी 'इकडे सगळं ठीक' एवढं लिहून उलट पाठवते. सहा वर्षं हेच चाललंय. तेव्हा मार्चमध्ये आत्याचं जाडजूड पाकीट पाहून तू दचकला असशील. आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही.

तुझे बाबा पुन्हा निवडणुकीला उभे राहतायत. यात नवीन काही नाही, चोवीस वर्षं ते मिल बँक वॉर्डाचे नगरसेवक आहेत आणि चोवीस वर्षं मी त्यांची निवडणूक-प्रतिनिधी. म्हणजे अर्ज मी भरायचे, पत्रकं मी वाटायची, आणि फुलं त्यांनी घ्यायची. पण या खेपेला लोक पत्रक हातात घेत नाहीत रे. परवा अल्बर्ट स्ट्रीटवर एकाने माझ्यासमोर ते कुत्र्याच्या घाणीखाली घातलं.

कारण आपले भाजीचे मळे. गिरणीच्या मागचे, कौन्सिलने तुकडे पाडून भाड्याने दिलेले, जिथे तू लहानपणी र्‍हुबार्बच्या छत्रीएवढ्या पानांखाली लपून बसायचास. नोव्हेंबरात ती सगळी जमीन घरं बांधायला विकण्याचा ठराव कौन्सिलमध्ये झाला. अठरा विरुद्ध सतरा. आणि त्या अठरातला एक हात तुझ्या बाबांचा होता. स्वतःचा मळा त्याच जमिनीत असलेल्या माणसाचा! बासष्ट मळेवाल्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. बिल्डरने त्याला काचेची खोली बांधून दिली असं लोक म्हणतात. कसली काचेची खोली! मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तीही गेल्या वादळात शेजाऱ्याकडे राहायला गेली.

लिहायचं कारण वेगळंच. इथल्या साप्ताहिकातला एक पत्रकार घरोघर विचारत फिरतोय. 'नगरसेवकाचा मुलगाही त्याच्याशी बोलत नाही' हे त्याला कुणीतरी सांगितलंय. तो तुला फोन करेल. कृपा कर, काही बोलू नकोस. चांगलंही नको, वाईटही नको.

बाबांनी असं का केलं ते मला विचारू नकोस. त्यांची तब्येत ठणठणीत आहे.

तुझी,
थेल्मा आत्या

*

मंगळवार, ११ एप्रिल

प्रिय एड्रियन,

तुझं पत्र आलं. चार ओळी का असेनात, आल्या. पाकिटावरचं अक्षर बघून मी दारातल्या पायपुसण्यावरच बसले.

पत्रकाराला 'त्या माणसाबद्दल मला काही बोलायचं नाही' एवढंच सांगितलंस, उपकार झाले. 'त्या माणसाबद्दल' हे मला लागलं, पण ते असो.

तू विचारलंस, स्वतःचा मळा कोण विकतं? विचारू नकोस म्हटलं होतं तरी विचारलंस. बापावर गेलायस.

आता लिहिते ते वाचून पत्र शेगडीत घाल. तुझ्या बाबांना, क्लिफला, ऐकू येत नाही, एड्रियन. कमी ऐकू येतं असं नाही. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने थोडं, तेही खोलीत एकच माणूस बोलत असेल तर. पंधराव्या वर्षापासून अल्बियन कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? मलाही बेताचंच येतं. पण आम्हा गिरणीवाल्यांना तेव्हाच एक विद्या मिळाली, ओठ वाचायची. मागांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून सगळे तोंडं मोठी करून ओठांनीच बोलायचे. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याची चहाडी सांगायची आणि मधल्या मुकादमाला पत्ता नसायचा. त्याच विद्येवर क्लिफने चोवीस वर्षं नगरसेवकी रेटली. मी सभेत प्रेक्षकांच्या बाकावर त्याच्या बरोबर समोर बसायचे, आणि त्याचं काही निसटलं की ओठांनी सांगायचे. लोकांना वाटायचं, म्हातारी मनातल्या मनात जप करतेय.

नोव्हेंबरातल्या सभेला मी नव्हते. त्या दिवशी माझ्या डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं.

आधी 'विक्री रद्द करा' हा ठराव येणार होता आणि मग मूळचा, विक्रीचा. ऐनवेळी अध्यक्षांनी क्रम बदलला. ते बोलले ते कागदात तोंड खुपसून, वर तोंडापुढे मायक्रोफोन. क्लिफला वाटलं, रद्द करायचं मत चाललंय. त्याने हात वर केला. मोजणी झाली, समोरच्या बाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

त्याच क्षणी उठून तो म्हणाला असता, 'थांबा, मला ऐकू आलं नाही,' तर मत दुरुस्त झालं असतं. तो उठला नाही. बाहेर पत्रकाराने विचारलं तर म्हणाला, "मी माझ्या विवेकाला स्मरून मत दिलं."

मी घरी डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. त्याने येऊन सगळं सांगितलं आणि आमच्या आईची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, "अरे, लोक तुला चोर म्हणतायत!" तर म्हणाला, "म्हणू देत. चोराला लोक घाबरून असतात. बहिऱ्याला काय करतात ते तू आपल्या घरात पाहिलंयस."

पाहिलंय. तुझे आजोबा पन्नाशीतच ठार बहिरे झाले. पोरं त्यांच्या मागे जाऊन भुंकायची आणि ते वळले की पळायची. दुकानदार आईला विचारायचा, 'यांना काय हवंय?' जसं काही ते टोपलीतलं मांजर होते. शेवटची दहा वर्षं ते दाराबाहेर पडले नाहीत.

कानात घालायचं यंत्र दवाखान्यात फुकट मिळतं. मी तीनदा वेळ ठरवून दिली. तिन्ही वेळा त्याला मळ्यात फार काम निघालं.

मतदान चार मेला आहे. तोवर हे कुणाला कळलं तर काय, आणि नाही कळलं तर काय, याच विचारात मी असते. झोप नाही, जेवण जात नाही. वजन उतरलंय ही एकच चांगली गोष्ट.

आत्या

*

बुधवार, २६ एप्रिल

प्रिय एड्रियन,

तुझं उत्तर नाही. शपथ मोडून लिहिलं, ते तुला नको होतं की काय, कळत नाही. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

सोमवारी मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात उमेदवारांची सभा झाली. उमेदवार दोनच, क्लिफ आणि जिलियन क्रॉम्प्टन. जिलियन शाळेत स्वयंपाक करते, मळा क्रमांक नऊ तिचा. बाई चांगली आहे, मला तिचा राग येत नाही, त्यामुळे जास्तच वैताग येतो. शंभर खुर्च्या मांडल्या होत्या, दीडशे माणसं आली. मी पहिल्या रांगेत मधोमध बसले, क्लिफच्या समोर.

पाऊण तास बरा गेला. प्रश्न कुणी विचारला की मी मान वळवून बघायचे आणि पुन्हा क्लिफकडे वळून ओठांनी सांगायचे. कचऱ्याच्या गाड्या, रस्त्यावरचे खड्डे, सगळं निभावलं. मग माझ्या मागून कुणीतरी उठलं. मी वळून बघितलं तर म्युरिएल होल्डन. तुला आठवत असेल, मळा क्रमांक सतरा, नवरा अर्नेस्ट, तुला गूजबेरी द्यायचा. दोन वर्षांपूर्वी अर्नेस्ट गेला.

म्युरिएल रडत होती. तोंडावर रुमाल धरून म्हणाली, "क्लिफर्ड, अर्नेस्टची रक्षा मी त्या गूजबेरीच्या झुडपाखाली पुरलीय. तू तेव्हा होतास, टोपी काढून उभा होतास. आता तिथे यंत्र चालणार. मी त्याला कुठे घेऊन जाऊ?"

 मी क्लिफकडे वळले. पण माझ्या ओठांतून ते निघेना, रे. 'रक्षा' हा शब्द ओठांनी कसा सांगायचा, हेच मला सुचेना.  त्याने माझ्याकडे पाहिलं, म्युरिएलच्या रुमालाकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं, पुन्हा कचऱ्याचंच काहीतरी. तो हसला. चांगला तोंडभर हसला, आणि म्हणाला,

"काळजी नको. मंगळवारी सकाळी सातच्या आत बाहेर ठेवा, आमची माणसं उचलून नेतील."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग मागून कुणीतरी ओरडलं, "लाज वाटत नाही का रे, हलकटा!" खुर्च्या पडल्या. बटाटा भरलेला एक पॅटिस उडत येऊन मंचावर फुटला. क्लिफ अजून अर्धवट हसतच होता. आपण काय बोललो हे त्याला कळलं नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे त्याला दिसत होते, आणि मी ते त्याच्या चेहऱ्यावर वाचत होते.  म्युरिएलने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ती निघून गेली.

घरी आल्यावर त्याने मला दिव्याखाली उभं केलं. "ती काय म्हणाली?"

मी सांगितलं. तो कोट न काढता जिन्यावर बसला. मग म्हणाला, "मी तिला काय म्हणालो?"

तेही सांगितलं.

मी म्हटलं, "क्लिफ, आता तरी बोल. उद्या साप्ताहिकात दे, मी लिहून देते." तर तो उठला. "दहा दिवसांवर मतदान आलंय. आता सांगितलं तर लोक म्हणतील, मतांसाठी बहिरा झाला." आणि वर निघून गेला.

यात त्याचं चुकलंय असंही म्हणता येत नाही, हीच पंचाईत.

आत्या

*

रविवार, ३० एप्रिल

एड्रियन,

तुझं सात पानी पत्र काल आलं. मी ते आतापर्यंत चार वेळा वाचलं.

तुझ्या आईला, जॉइसला, पुरून आल्यावर बोलिंग क्लबमध्ये चहा होता, तेव्हाचं तू लिहिलंस. तुझी बायको तेव्हा नुकतीच सोडून गेली होती, नोकरीही गेली होती, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. तू बाबांजवळ गेलास आणि म्हणालास, "बाबा, मला घरी यायचंय. थोडे दिवस तुमच्याकडे राहू का?" आणि ते म्हणाले, "पाच वाजून दहाची गाडी आहे. आत्ता निघालास तर मिळेल." तू निघालास. ती गाडी तुला मिळाली.

आणि आता, त्यांना ऐकू येत नाही हे वाचल्यावर, तू विचारतोस: आत्या, मी त्यांच्या कुठल्या बाजूला उभा होतो?

डाव्या.

मला कसं माहीत, हे तू अजून विचारलेलं नाहीस. विचारायच्या आत सांगते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. मी समोरच्या टेबलापाशी किटली घेऊन उभी होते. तुझं तोंड मला स्वच्छ दिसत होतं. तू काय म्हणालास ते मी शब्दन् शब्द वाचलं. त्याचं उत्तरही वाचलं. तुझा चेहरा पडलेला पाहिला. तू कोट घेतलास, तेव्हा तुझ्या आणि माझ्यामध्ये दहा पावलं होती.

मी कपात चहा ओतत राहिले.

पहिल्या दिवशी वाटलं, तू फोन करशील, आपोआप मिटेल. महिन्याने वाटलं, आता सांगितलं तर 'तेव्हा का नाही सांगितलंस' म्हणाल. ही झाली सभ्य कारणं. खरं कारण वेगळं आहे. जॉइस गेली, तू गेलास, आणि क्लिफला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. रोज संध्याकाळी तो माझ्याकडे जेवायला यायला लागला. मी लग्न केलं नाही, एड्रियन, माझ्या टेबलाशी रोज कुणी जेवायला बसतंय हे मला साठाव्या वर्षानंतर पहिल्यांदा मिळालं. तू परत आला असतास तर तो स्वतःच्या घरी जेवला असता.

त्याला काय वाटतं ठाऊक आहे? आईला मातीत ठेवून तासभर झाला नाही तोच पोरगा गाडीची वेळ विचारून पळाला. सहा वर्षं तो हेच म्हणतोय. आणि मी त्याला सूप वाढत ऐकतेय.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तेवढं तोंड नाही मला.

थेल्मा

*

शुक्रवार, ५ मे

प्रिय एड्रियन,

निकाल लागला. पण क्रमाने सांगते, नाहीतर माझा मलाच ताळमेळ लागणार नाही.

बुधवारी मी म्युरिएलकडे गेले. शपथ तुझ्यापाशी मोडलीच होती, दुसऱ्यांदा मोडताना तेवढं जड गेलं नाही. दारातच म्हटलं, "म्युरिएल, त्याला तुझं ऐकू आलं नव्हतं. त्याला काहीच ऐकू येत नाही."

ती म्हणाली, "ये आत. चहा ठेवते." आणि चहा ओतताना म्हणाली, "अगं, मी अठरा वर्षं गिरणीत काढली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी रुमाल धरला होता. घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "मग तू उद्या त्याला मत देशील?"

"नाही देणार."

"अगं पण आत्ताच तर म्हणालीस..."

"बहिरा आहे म्हणून मी कुणावर रागावत नाही, थेल्मा. माझा अर्नेस्टही शेवटी भिंतीसारखाच होता. पण त्या सभेत हात चुकला हे त्याला दोन मिनिटांत कळलं ना? आणि तो गप्प बसला. सहा महिने गप्प बसला. ते कानांचं काम नव्हे." मग बिस्किटाची बशी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "आणि तूही बसलीस."

तिला मळ्याबद्दलच म्हणायचं होतं. मला मात्र किटली आठवली.

गुरुवारी मतदान. यंदा पहिल्यांदाच फोटोचं ओळखपत्र मागत होते. आमच्या हक्काच्या दोन म्हाताऱ्या मतदान केंद्रावरून परत आल्या. एक बसचा पास घेऊन पुन्हा गेली; दुसरी म्हणाली, "चाळीस वर्षं त्या टेबलावरच्या पोरीच्या आईला मी ओळखते आणि ती मलाच विचारते तुम्ही कोण! नाही जात." मी हातापाया पडले, पण ती गेली नाही. असं एक मत गेलं.

आज सकाळी दहाला क्रीडा केंद्रात मोजणी सुरू झाली. बाहेर उद्याच्या राज्याभिषेकाच्या पताका, आत टेबलांच्या रांगा. आम्ही मोजणाऱ्यांच्या समोर उभं राहायचं, हात लावायचा नाही, फक्त बघायचं. मतपत्रिकांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे होतात. जिलियनचा ढीग वाढला की मी नजरेनेच क्लिफचे गठ्ठे पुन्हा मोजायचे, क्लिफचा वाढला की जिलियनचे. आराम कशातच नव्हता. साडेबारापर्यंत ढीग असे सारखे झाले की बोटभर फरक दिसेना.

मग शंकेच्या मतपत्रिका दाखवायला बोलावलं. एकावर कुणी गाजर काढलं होतं, ते बाद. एकावर क्लिफच्या नावापुढे मताची फुली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'चोर आहे, पण आपला आहे.' जिलियन म्हणाली, "हे मत त्यांचंच. हेतू स्पष्ट आहे." आणि हसली. मग आम्ही सगळेच हसलो, क्लिफसुद्धा. तो का हसला देव जाणे, त्याने ते वाचलं होतं की आम्हाला बघून हसला.

एकच्या सुमाराला निवडणूक अधिकाऱ्याने दोन्ही उमेदवारांना आणि आम्हा प्रतिनिधींना टेबलापाशी बोलावलं. उंच, अशक्त माणूस, मान सतत कागदात. माझ्या कानाशीच पुटपुटल्यासारखं म्हणाला, "जिलियन क्रॉम्प्टन सहाशे अकरा. क्लिफर्ड रश्टन सहाशे सात. मिस्टर रश्टन, तुम्हाला फेरमोजणी हवी आहे का?"

क्लिफने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या पलीकडे त्याच्या बरोबर समोर होते. चोवीस वर्षांची सवय रे ती. माझे ओठ आपोआप उघडायला लागले.

मी ते घट्ट मिटले.

त्याने भुवया उंचावल्या. म्हणजे, 'काय म्हणाला तो?' मी मान हलवली, नाही. त्याला वाटलं, मलाही ऐकू आलं नाही. मग त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला कळलं की मला आलंय. एड्रियन, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला भर चौकात उघडा केलाय. त्याची मान लाल झाली, मग कान. अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. कागदालाच म्हणाला, "मिस्टर रश्टन?" जिलियन एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.  वाटलं, आता हा 'नको' म्हणून मान हलवेल आणि सगळं संपेल, आणि ते माझ्यामुळे असेल.

"माफ करा," क्लिफ म्हणाला. फार मोठ्यानं म्हणाला. किती मोठ्यानं ते त्याला कळत नाही. शेजारच्या टेबलांवरची मोजणी थांबली. "मला ऐकू आलं नाही. मला ऐकूच येत नाही. माझ्याकडे तोंड करून बोला."

अधिकाऱ्याने मान वर केली. मला वाटतं, त्या माणसाने सकाळपासून पहिल्यांदाच कुणाचं तरी तोंड पाहिलं. त्याने आकडे पुन्हा सांगितले, सावकाश, नीट क्लिफकडे बघत.

"चार मतांचा फरक?" क्लिफ म्हणाला. "मग हवीच की फेरमोजणी. चार म्हणजे काहीच नाही."

फेरमोजणीत एक चिकटलेली पत्रिका सुटली, ती आमची निघाली. सहाशे अकरा, सहाशे आठ. तीन मतांनी पडलो.

मंचावर आधी जिलियन बोलली. मग क्लिफला बोलावलं. मी समोरच्या जागेवरून बाजूला सरकले, त्याने माझ्याकडे बघू नये म्हणून. त्याने बघितलं नाहीच.

"नोव्हेंबरात माझा हात चुकीच्या ठरावाला वर गेला," तो म्हणाला. "ऐकू आलं नाही म्हणून गेला. पण तो खाली घेता आला असता. मी घेतला नाही, कारण मला बहिरा म्हणवून घ्यायचं नव्हतं. तुम्हाला वाटलं मी पैसे खाल्ले. पैसे खाल्ले असते तर निदान पैसे तरी असते." थोडे लोक हसले. "म्युरिएल होल्डन इथे नाही. तिला माझ्या घरी येऊन शिव्या द्यायच्या असतील तर दार उघडं आहे. फक्त तोंडावर रुमाल धरू नकोस म्हणावं."

मागून कुणीतरी ओरडलं, "आता सांगून काय उपयोग, म्हाताऱ्या!" त्याला ते ऐकू गेलं नाही. पण प्रश्न खरा आहे. जमिनीच्या कागदांवर अजून सह्या झालेल्या नाहीत. नवं कौन्सिल ठराव फिरवू शकतं, असं जिलियन म्हणते. फिरवेल का, कुणाला ठाऊक. त्यांचे हात मोजायला मी असणार नाही.

दमलेय. बोलिंग क्लबचं त्याला सांगायचं अजून राहिलंय, ते आज संध्याकाळी सांगायला हवं. उद्या लिहीन.

आत्या

*

शनिवार, ६ मे

प्रिय एड्रियन,

काल संध्याकाळी मी त्याला सांगितलं. मळ्यांच्या फाटकाजवळच्या कठड्यावर बसवलं, त्याच्या समोर उभी राहिले आणि ओठांनी नाही, आवाजात सांगितलं. बोलिंग क्लब, तू काय विचारलंस, तो काय म्हणाला, मी काय केलं.

त्याने पूर्ण पाहिलं. मग म्हणाला, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"घरी यायचंय म्हणाला?"

"हो."

"मला वाटलं, गाडी कितीची आहे विचारतोय. घाईत दिसत होता." मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सहा वर्षं मी तुझ्याकडे जेवतोय, थेल्मा."

"हो."

"रोज."

"हो, क्लिफ."

तो उठला आणि चालत घरी गेला. माझ्यासाठी थांबला नाही. रात्री जेवायला आला नाही. मी दोन ताटं मांडली होती, दोन्ही उचलली.

आज सकाळी साऱ्या गल्लीतून टीव्हीवरच्या मिरवणुकीचे आवाज येत होते, तेव्हा दार वाजलं. सूट घालून, दाढी करून उभा. नमस्कार नाही, काही नाही. खिशातून कागद-पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

"पोराकडे, इन्व्हर्नेसला, कसं जायचं ते लिही. कुठे बदलायचं, कितव्या फलाटावर, सगळं. स्टेशनातल्या घोषणा मला कळत नाहीत."

मी लिहिलं. तो शेजारी उभा राहून प्रत्येक ओळ वाचत होता. म्हटलं, "मी येऊ का सोबत?"

"नको."

"त्याला कळवते."

"नको. कळवलंस तर तो त्या दिवशी घरी नसेल." दारातून वळून म्हणाला, "बुधवारी कानवाल्या डॉक्टरांकडे जातोय. यंत्र मिळायला महिना लागतो म्हणे. मी थांबणार नाही तेवढं, गुरुवारी निघतोय." मग गेला. माझ्यावरचा राग गेलाय असं समजू नकोस. तो बराच काळ राहील, आणि राहू दे.

कळवू नको म्हणालाय, तरी मी कळवतेय. सोमवारी सुट्टी आहे, हे पत्र तुला मंगळवारी किंवा बुधवारी मिळेल. तो गुरुवारी सकाळी निघेल आणि रात्री आठच्या आत तुझ्या दारात असेल. तुला तो नको असेल, तर तसं त्याला तोंडावर सांगायचा तुला हक्क आहे, पण मग ते उजेडात, त्याच्या समोर उभं राहून सांग, म्हणजे निदान तू काय म्हणालास ते तरी त्याला कळेल.

आणि एक. तो दार वाजवेल तेव्हा आतून 'कोण आहे' विचारू नकोस. त्याला ऐकू जाणार नाही, तो उत्तर देणार नाही, आणि तुला वाटेल कुणी नाही. सरळ उठ आणि दार उघड.

तुझी,
थेल्मा आत्या